मासा मिळाला, डोकं नाही: ॲटलांटिक हायलँड्सचा स्ट्राइपर चार्टर

मासे गरवायला भाड्याने घ्यायच्या बोटीवर, म्हणजे चार्टरवर, फ्रीझर भरायच्या इराद्याने जाणार असाल तर जाऊ नका, हे आधीच सांगून टाकते. सहा जणांचे ९०० डॉलर, धक्क्यावर पोचल्यावर कळलेले इंधनाचे आणखी ७५, वर मेटची, म्हणजे कॅप्टनच्या मदतनिसाची, बक्षिसी, आणि एवढं करून घरी आले दोन मासे. किलोचा भाव काढत बसलात तर घास घशाखाली उतरणार नाही. तरीही मी या बोटीला पाचपैकी चार तारे देते आणि पाचवा का कापला तेही सांगते. बोटीचं नाव लिहीत नाही. त्या बंदरातून अशा बऱ्याच बोटी सुटतात आणि मी जे विचारून घ्यायला सांगणार आहे ते कुठल्याही बोटवाल्याला विचारता येईल.

बंदर न्यू जर्सीतल्या ॲटलांटिक हायलँड्सचं. पहाटे रस्ता मोकळा असतो, त्यामुळे एडिसनहून पाऊण तासात आरामात पोचता. समोर सँडी हूकची वाळूची लांब पट्टी, तिच्या आडोशाला आतलं पाणी, पश्चिमेला पसरलेली रॅरिटन बे, पलीकडे स्टेटन आयलंड, आणि हवा स्वच्छ असली तर व्हेराझॅनो पूलसुद्धा दिसतो. सँडी हूकवरचं दीपगृह १७६४ सालचं आहे आणि अजून चालू आहे; अमेरिकेतलं चालू असलेलं सगळ्यात जुनं तेच. एप्रिल-मेमध्ये या पाण्यात बंकर नावाच्या माशाचे थवेच्या थवे शिरतात. तारलीच्या जातकुळीतला, तेलकट, आणि वास असा की लिंबाने हात धुतले तरी जात नाही. त्याच्या मागावर येतो तो स्ट्राइप्ड बास, म्हणजे इथल्या भाषेत स्ट्राइपर. पाठ हिरवट, पोट रुपेरी, आणि अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा.

आम्ही गेलो ते मामांमुळे. माझे मामा रेवदंड्याचे, कुंडलिकेच्या मुखाशी गरवण्यात जन्म गेलेला. तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आले आणि दुसऱ्या आठवड्यात मॉल बघून कंटाळले. मुलाने फोनवर स्ट्राइपरचा फोटो दाखवला तर म्हणाले, "हा आपला जिताडाच की, पट्टे ओढलेला." दिसण्याच्या बाबतीत त्यांचं फारसं चुकलं नाही. वागणूक मात्र नेमकी उलटी: जिताडा खाडीत-खाजणात वाढतो आणि अंडी घालायला समुद्राच्या तोंडाशी उतरतो, स्ट्राइपर समुद्रात राहतो आणि अंडी घालायला हडसन, डेलावेअर, चेसापीकच्या नद्या अशा गोड्या पाण्यात चढतो. हे कळल्यावर मामांना तो मासा बघायचाच होता. मग मी, नवरा, मुलगा, मामा आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं एक जोडपं, असे सहा जण जमवले. त्या जोडप्यातला तो सगळं खातो, ती अंडंही खात नाही. तिला फक्त समुद्रावरचा सूर्योदय हवा होता.

सहा हा आकडा सहज आलेला नाही. छोट्या चार्टर बोटींच्या कॅप्टनकडे बहुधा कोस्ट गार्डचा जो परवाना असतो, त्यात सहाच प्रवासी नेता येतात. सातवा माणूस असेल तर मोठ्या पार्टी बोटीवर माणशी तिकीट काढून जावं लागतं. ते स्वस्त पडतं, पण कठड्याला खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि शेजाऱ्याचा तंगूस (गळाची दोरी) आपल्या तंगूसात अडकला की सोडवत बसायचं. म्हातारं माणूस किंवा पोर बरोबर असेल तर छोटी बोटच बरी.

बुकिंगचा अनुभव चांगला. २०० डॉलर आगाऊ घेतले. आमचं ठरलं होतं शनिवारचं. शुक्रवारी दुपारी कॅप्टनचा स्वतःहून फोन आला की उद्या ईशान्येचा वारा आहे, ही खाडी पूर्वेला उघडी असल्यामुळे लाटा थेट आत येतील, तुमच्याबरोबर वयस्कर माणूस आहे, रविवारी या. आगाऊ रक्कम तशीच पुढे धरली. काहीजण अशा हवेतही नेतात आणि तुम्ही कठड्यावर ओणवे होऊन उलट्या करत असताना पैसे घेतात. एका ताऱ्याचं काम तर या फोननेच केलं.

रविवारी पहाटे साडेपाचला सुटायचं होतं. मी थालीपिठं, लसणाची चटणी, चहाचा थर्मास आणि डझनभर केळी घेतली होती. केळी बोटीवर चढली नाहीत. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, अशी इथल्या मासेमाऱ्यांची पक्की समजूत आहे. कॅप्टन हसत बोलला, पण पिशवी गाडीत ठेवून आल्याशिवाय दोर सोडला नाही. मामांना हे लगेच पटलं. मला डझनभर केळी उन्हात तापलेल्या गाडीत काळी पडलेली मिळाली.

सुटण्याआधी दहा मिनिटं कॅप्टनने लाइफ जॅकेट कुठे आहेत, आग विझवायचं नळकांडं कुठे, रेडिओवर मदत कशी मागायची, हे सगळं दाखवलं. मुलाच्या मापाचं जॅकेट वेगळं काढून दिलं. परवाना केबिनमध्ये काचेमागे लावलेला होता. मासेमारीच्या परवान्याचं काय, हे विचारलं. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या हौशी मासेमारीला पैसे भरून परवाना लागत नाही, फुकट नोंदणी असते, आणि चार्टरवर असाल तर ती बोटीच्या नोंदणीत येते.

आता भरतीची गंमत. मामांनी आदल्या रात्रीच हिशेब मांडला होता. आपल्याकडे तिथीला पाऊण तासाने गुणलं की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी तृतीया, म्हणून पूर्ण भरती सव्वादोनला. कॅप्टनच्या पडद्यावर अकराची वेळ होती. मामांनी पडद्याकडे असं बघितलं की जणू तोच खोटं बोलतोय. तिथी बरोबर होती, गुणाकारही बरोबर होता. फक्त तो गुणाकार मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा. चंद्र तोच, पण प्रत्येक बंदराला पाणी पोचायला लागणारा वेळ वेगळा, म्हणून सँडी हूकला अमावस्या-पौर्णिमेची भरती उन्हाळी घड्याळाने सकाळी साडेआठच्या आसपास येते आणि तिथून पुढे रोज पाऊण-एक तास सरकते. कॅप्टनला हे सगळं मुलाने भाषांतर करून सांगितलं. त्याने कागद काढला, सूत्र लिहून घेतलं, आणि साडेआठमध्ये तीन वेळा पाऊण तास मिळवून पावणेअकरा काढून दाखवले. तेवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. भरतीचा चढ मात्र इथे जेमतेम दीड मीटरचा. रेवदंड्याचं उधाण बघितलेल्या माणसाला ती भरती वाटतच नाही.

पहिला अर्धा तास बंकर धरण्यात गेला, आणि माझ्या मते हा सगळ्या सकाळचा सगळ्यात बघण्यासारखा भाग. पाण्यावर एका ठिकाणी पाऊस पडल्यासारखी थरथर दिसली. मेट, विशीतला पोरगा, पुढच्या टोकावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभा राहिला. पागाची एक कडा दातात धरली, उरलेला खांद्यावर, कमरेतून वळला आणि फेकला. मामा पुटपुटले, "उघडला नाही पुरता." खरंच पाग लांबट पडला, तरी पंधरा-वीस बंकर आले. दुसऱ्या वेळी मामांनी मेटच्या डाव्या कोपराला हात लावून तो वर उचलून दाखवला. पाग गोल पडला. मेटने मामांना टाळी दिली. जिवंत बंकर बोटीवरच्या गोल टाकीत सोडले. त्यात समुद्राचं पाणी सतत फिरतं ठेवतात. टाकी गोल अशासाठी की मासे कोपऱ्यात कोंबून मरत नाहीत.

गरवण्याची पद्धत साधी: बंकरच्या नाकपुड्यांतून गळ ओवायचा आणि त्याला जिवंत पोहू द्यायचं. गळ मात्र सर्कल हुक, टोक आत वळलेला. आमिष लावून स्ट्राइपर धरायचा तर २०२१ पासून हाच गळ सक्तीचा आहे. कारण तो माशाच्या पोटात रुतत नाही, ओठाच्या कोपऱ्यात बसतो, आणि सोडलेला मासा जगतो. पण त्याची एक अट आहे: मासा ओढायला लागला की झटका द्यायचा नाही. नुसतं रील लावायचं आणि सावकाश गुंडाळत जायचं. झटका दिलात तर गळ तोंडातून तसाच बाहेर येतो. मामांच्या हातात साठ वर्षांचा झटका बसलेला. पहिला मासा गेला, दुसरा गेला. कॅप्टनने कपाळाला आठी न घालता तिसऱ्या वेळी मामांच्या मनगटावर नुसतं बोट ठेवलं आणि मासा तंगूस ओढून नेत असताना तोंडाने आकडे मोजले. पाचला बोट उचललं. गळ बसला. गिऱ्हाईक कितीही चुकलं तरी शिकवत राहणारा कॅप्टन मिळणं हे नशीब. मी ऐकलेल्या गोष्टींमध्ये हातातून रॉड हिसकावून घेणारेही आहेत.

स्ट्राइपर वर उडी मारत नाही. तो खाली दबतो आणि डोकं हलवतो, ते हलणं रॉडमधून थेट खांद्यापर्यंत येतं. नवऱ्याला लागलेल्या माशाने रीलमधून इतका तंगूस ओढून नेला की रील गुणगुणायला लागलं. पाच-सात मिनिटांनी तो बोटीपाशी आला. आकडी मारून वर घ्यायला बंदी आहे, म्हणून रबरी जाळ्यात घेतला. मेटने आधी हात ओले केले, मापाची पट्टी ओली केली, माशाचं तोंड मिटवून नाक पट्टीच्या टोकाला लावलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र आणली. ३९ इंच. एक फोटो, दोन्ही हातांवर आडवा धरून, आणि परत पाण्यात. मेटने शेपटी धरून त्याला पुढे-मागे हलवलं. माशाने स्वतः झटका देऊन हात सोडवला तेव्हाच तो गेला.

मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. "बाय, एवढं मोठं म्हावरं सोडलं? पैसे भरून?"

नियम असा की २८ ते ३१ इंच एवढ्या मापातलाच मासा ठेवता येतो, माणशी दिवसाला एक. त्याहून लहान सोडायचा हे मामांना कळत होतं. मोठा का सोडायचा हे कळेना. कॅप्टनने समजावलं की एवढ्या मोठ्या माशांत बहुतेक माद्याच असतात, आणि एकेक मादी लाखोंनी अंडी घालते. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्याकडे पावसाळ्यात होड्या बंद ठेवतो, ते ह्याच्यासाठीच." मुलाला ३३ इंचाचा लागला, तोही गेला. २०२२ पर्यंत न्यू जर्सीत ३८ इंचांपर्यंतचा चालत असे, म्हणजे तेव्हा तो आमच्या पातेल्यात गेला असता. २०१५ साली जन्मलेल्या माशांची पिढी मोठी होती, ती ठेवायच्या मापात आली आणि २०२२ मध्ये लोकांनी मासे भरमसाट धरले, म्हणून २०२३ च्या मे महिन्यात तातडीने ३१ ची मर्यादा आली. ही घबराट उगाच नाही. १९८० च्या दशकात हा मासा इतका खाली गेला की १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याच्यासाठी वेगळा कायदा केला आणि १९८५ पासून मेरीलँडने पाच वर्षं मासेमारीच बंद ठेवली. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. आता पुन्हा घसरण आहे. चेसापीकमध्ये २०१९ पासून पिल्लं सरासरीच्या खालीच सापडतायत. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या बाहेर, केंद्राच्या पाण्यात, तर स्ट्राइपर धरायलाच बंदी आहे, आणि कॅप्टन ती रेघ नकाशावर दाखवून तिच्या आत राहिला.

म्हणून माझी पहिली खरी तक्रार त्यांच्या वेबसाइटची. तिथे अजूनही धक्क्यावर ओळीने टांगलेल्या दांडग्या माशांचे जुने फोटो आहेत. बघणाऱ्याला वाटतं असेच घरी न्यायचेत. बोटीवर नियम इतके काटेकोर पाळणाऱ्यांनी गिऱ्हाईक ओढायला हे फोटो ठेवावेत हे मला पटलं नाही.

दुसरी तक्रार बायकांसाठी महत्त्वाची. शौचालय आहे, स्वच्छ आहे, पण कपाटाएवढं, आणि दाराची कडी लागत नाही. बोट डोलत असताना एका हाताने दार धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने स्वतःला. आम्ही दोघी आळीपाळीने एकमेकींचं दार धरून उभ्या राहिलो. सहा तासांच्या सहलीत ही गोष्ट छोटी नाही, आणि एक कडी बसवायला काय लागतं? तिसरी तक्रार त्या ७५ डॉलरची. घ्या, पण फोनवर सांगून घ्या.

शेवटी दोन मासे मापात बसले. मामांचा ३० इंच, आणि ऑफिसवाल्याचा जेमतेम २८ च्या वर. सूर्योदयवाल्या बाईंनीही एक सोडायचा मासा ओढला, हात लावायला मात्र नकार दिला.

आता डोक्याची गोष्ट. धक्क्यावर परतल्यावर मेट मासे साफ करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सुरी चालवण्यात पोरगा तरबेज. मामा शेजारी उभे राहून तुकड्या कशा आडव्या पाडायच्या, डोकं कालवणासाठी कसं दोन फाका करून घ्यायचं, ते खुणांनी सांगत होते. मी मध्ये पडले आणि नको म्हटलं. हडसन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी १९४७ ते १९७७ एवढा काळ नदीत पीसीबी नावाचं रसायन सोडलं. ते गाळात बसलंय आणि चरबीत साठतं. म्हणून राज्याची सूचना अशी की कातडं, चरबी, बाजूची गडद पट्टी काढून टाका, डोकं रश्शात घालू नका. गरोदर बायका आणि लहान मुलांनी हा मासा खाऊच नये, बाकीच्यांनी क्वचित. मेटने न सांगता ती लाल-तपकिरी पट्टी कोरून काढली, याचे गुण त्याला द्यायलाच हवेत. पण मामांना काही केल्या पटेना. "डोक्याशिवाय मासा म्हणजे काय खायचं? बाय, मग धरला कशाला?" मेटने डोकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं तेव्हा मामा तोंड फिरवून बंदराकडे बघत उभे राहिले.

संध्याकाळी मुलाला पिठलं-भात केला आणि मोठ्यांसाठी मासा. हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा, तव्यावर. मांस पांढरं, घट्ट, मोठ्या पाकळ्यांनी सुटणारं. चव सौम्य, मसाला नीट धरतं. जिताड्याचं लोणी त्यात नाही. मामांनी दोन तुकडे खाऊन निकाल दिला: "चांगला आहे. जिताडा नाही." माझंही मत तेच, आणि घरात आणखी कुणी वाद घातला नाही.

जायचंच असेल तर फोनवर एवढं विचारा: इंधनाचे पैसे धरून किती, हवा बिघडली तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरता का, मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का, शौचालयाला कडी आहे का. मेटला रोख १५ ते २० टक्के द्यायची इथली रीत आहे. आमच्या मेटला मी २० टक्के दिले आणि मामांनी आपल्या खिशातून वेगळे दहा डॉलर, पागासाठी. मेमध्येसुद्धा पाण्यावर हाडं गोठतात, जाड जॅकेट न्या. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घ्या. धक्का सुटल्यावर घेतलेली उपयोगाची नाही.

पानगळीच्या दिवसांत स्ट्राइपर दक्षिणेकडे परतताना पुन्हा याच किनाऱ्याने जातात. नोव्हेंबरसाठी त्याच बोटीला फोन केला तर शनिवार-रविवार सगळे गेलेले, एक बुधवार मिळाला तो घेतला. मामा तोवर रेवदंड्याला परतलेले असतील, त्यामुळे सहातली एक जागा रिकामी आहे. शाकाहारी चालतील, केळी चालणार नाहीत.